पहिला तास कोणाचा?

पावसाळा सुरू झाला, की महाविद्यालयांचे आवार पुन्हा गजबजू लागते. नवी वही, नवे ओळखपत्र, सूचनाफलकासमोरची गर्दी आणि वर्गखोली शोधत जिन्यांवरून होणारी धावपळ. या सगळ्यातून वाट काढत विद्यार्थी पहिल्या तासाला येऊन बसतो, तेव्हा त्याच्या मनात कुतूहल असते आणि थोडी धाकधूकही असते. पुढे काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. हजेरी घेतली जाते. अभ्यासक्रमातील घटक वाचून दाखवले जातात. संदर्भग्रंथांची यादी फळ्यावर लिहिली जाते. अंतर्गत गुणांची विभागणी आणि ७५ टक्के हजेरीची अट सांगितली जाते. शेवटी ‘काही शंका?’ असा प्रश्न येतो. कोणालाच शंका नसते आणि तास वीस मिनिटे आधी सुटतो.

वरवर पाहता यात काहीच बिघडलेले नाही. परंतु तेवढ्या वेळात विद्यार्थ्याने एक धडा पक्का शिकलेला असतो. येथे बोलायचे ते सरांनी किंवा मॅडमनी, आपण फक्त ऐकायचे, हा तो धडा. पुढे वर्षभर ‘मुले बोलतच नाहीत’ अशी तक्रार प्राध्यापक करतात, तेव्हा त्या मौनाची सुरुवात कोठे झाली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आता जवळपास प्रत्येक वर्गात प्रक्षेपक आहे आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात स्मार्टफोन. २०२०च्या टाळेबंदीत प्राध्यापकांनी ऑनलाइन तास घेतले, गुगल फॉर्मवर चाचण्या घेतल्या. साधने हाताशी आहेत. मात्र पहिल्या दिवशी त्यांचा उपयोग बहुधा अभ्यासक्रमाच्या स्लाइड दाखवण्यापुरता होतो. फळ्यावरची यादी पडद्यावर आली, एवढाच काय तो फरक. साधनांचा खरा उपयोग निराळा आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या, कधीही हात वर न करणाऱ्या विद्यार्थ्यालाही पहिल्याच तासात विचार करायला आणि मत द्यायला लावणे त्यांच्यामुळे शक्य होते.

वर्गात कोण बसले आहे?

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन वर्ग हा एकसंध समूह कधीच नव्हता. मराठी माध्यमातून आलेली मुलगी आणि इंग्रजी माध्यमातून आलेला मुलगा एकाच बाकावर बसतात. कोणी शेजारच्या गल्लीतून आलेला असतो, तर कोणी पहाटेची लोकल पकडून कसारा किंवा पालघरहून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून नवी पदवी रचना लागू झाली. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि अन्य शाखेतील खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागत असल्याने वर्गातील सरमिसळ आणखी वाढली आहे. अर्थशास्त्राच्या ऐच्छिक विषयाच्या तासाला रसायनशास्त्राचे विद्यार्थीही असू शकतात. आपल्यासमोर कोण बसले आहे आणि त्यांना काय ठाऊक आहे, हे प्राध्यापकांना पहिल्या दिवशी माहीत नसते.

अशा वर्गात तोंडी प्रश्न विचारला, की उत्तर देणारे चार-पाच हात नेहमीचेच असतात. इंग्रजीत बोलताना चूक होईल या भीतीने गप्प बसलेला विद्यार्थी ‘हुशार नसलेला’ ठरतो आणि हळूहळू स्वतःलाही तसेच मानू लागतो. नाव न कळता उत्तर देण्याची सोय त्याच्या दृष्टीने फार मोलाची असते. आपले उत्तर चुकले, तरी वर्गातील आणखी चाळीस जणांचेही चुकले आहे, हे पडद्यावरच्या आलेखात त्याला दिसते. वर्गात एकटे पडल्याची भावना त्या क्षणी बरीचशी सैल होते.

हार्वर्डमधील एक धक्का

या पद्धतीमागे एक उद्बोधक इतिहास आहे. मूळचे नेदरलँड्सचे पदार्थवैज्ञानिक एरिक माझूर १९८४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतील अवघड गणितेही विद्यार्थी सोडवत. आपण उत्तम शिकवतो, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. पुढे ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले. या दोघांनी १९८५ मध्ये दाखवून दिले होते, की पदार्थविज्ञानाचा प्रास्ताविक अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतरही गती आणि बल यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या भाबड्या समजुती फारशा बदलत नाहीत.

आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत असे नसणार, या खात्रीने माझूर यांनी त्याच धर्तीची साधी, आकडेमोड नसलेली चाचणी घेतली. निकाल धक्कादायक होता. अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावेल, अशा स्वरूपाच्या प्रश्नांवर अनेक जण अडखळले. न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना तोंडपाठ होता. पण दोन्ही बले समान असतात, हे त्यांच्या मनाला पटलेलेच नव्हते. माझूर यांनी पुन्हा पुन्हा समजावून पाहिले. तरीही गोंधळ संपेना, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना आपापसांत चर्चा करायला सांगितले. क्षणार्धात वर्गात कलकलाट सुरू झाला आणि काही मिनिटांतच अनेकांना उत्तर उमगले. ज्या विद्यार्थ्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे, त्याला शेजाऱ्याची अडचण नेमकी कोठे आहे हे प्राध्यापकांपेक्षा लवकर कळते, हा त्यातून मिळालेला बोध. १९९१ पासून माझूर यांनी ही सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत रीतसर वापरायला सुरुवात केली आणि १९९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

रंगीत कार्डे की यंत्रे?

विद्यार्थ्यांची मते गोळा करण्यासाठी पुढे ‘क्लिकर’ नावाची हातात मावणारी यंत्रे आली. त्यांची जागा आता बव्हंशी मोबाइलने घेतली आहे. परंतु विद्यार्थ्यांचे आकलन वाढते ते यंत्रामुळे की चर्चेमुळे? कॅनडातील प्राध्यापक नॅथॅनिएल लॅसरी यांनी हा प्रश्न तपासला. एका वर्गाने क्लिकर वापरले, दुसऱ्याने साधी कार्डे उंचावून उत्तरे दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन्ही वर्गांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात केलेला अभ्यास २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी आधी एकट्याने उत्तर दिले, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा उत्तर दिले आणि नंतर त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न एकट्याने सोडवला. चर्चेनंतर नव्या प्रश्नाची उत्तरेही सुधारली. विशेष म्हणजे, गटातील एकालाही सुरुवातीला बरोबर उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेचा फायदा झाल्याचे संशोधकांना दिसले. म्हणजे हुशार मुलाचे उत्तर उतरवून घेतल्यामुळे सुधारणा झाली, असे म्हणण्याला फारसा आधार उरत नाही.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनीही संगणकशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाच्या मोठ्या वर्गात ‘आधी स्वतः विचार, मग जोडीने चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी’ ही पद्धत वापरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणानुसार या उपक्रमांत सरासरी ८३ टक्के विद्यार्थी गुंतलेले होते. भारतातील भरगच्च वर्गात हे शक्य नाही, या समजाला हे चांगले उत्तर आहे.

पन्नास मिनिटांचा आराखडा

आता प्रत्यक्ष पहिल्या तासाकडे वळू. पन्नास मिनिटांचा तास आहे असे धरले, तर स्वतःची आणि विषयाची ओळख पाच मिनिटांत उरकावी आणि थेट प्रश्न विचारावा. प्रश्न असा हवा, की ज्यासाठी पूर्वतयारी लागत नाही, परंतु मत मात्र प्रत्येकाला असते.

पदार्थविज्ञानातील एक उदाहरण घेऊ. धातूच्या सपाट पत्र्याला मधोमध गोल भोक आहे. पत्रा सर्व बाजूंनी सारखा तापवला. भोकाचा व्यास वाढेल, घटेल की तेवढाच राहील? दोन मिनिटे प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता विचार करायचा आणि मोबाइलवर पर्याय निवडायचा. मतांचा आलेख लगेच पडद्यावर आणू नये. बहुमत दिसले, की अनेक जण विचार सोडून बहुमताकडे वळतात. प्राध्यापकांनी तो स्वतः पाहावा. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर चर्चेला खरा वाव आहे असे समजावे. ज्याचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे आहे असा शेजारी शोधा आणि त्याला आपले म्हणणे पटवून द्या, एवढीच सूचना द्यावी. चर्चा मराठीत, हिंदीत, कोणत्याही भाषेत होऊ द्यावी. तीन-चार मिनिटांनी पुन्हा मतदान घ्यावे आणि आता दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवावेत.

त्यानंतर स्पष्टीकरण. तापल्यावर पत्र्याचे प्रत्येक माप सारख्याच प्रमाणात वाढते, म्हणून भोकही मोठे होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना हेच तत्त्व उपयोगी पडते. धाव तापवली की तिचा आतला घेर वाढतो, ती लाकडी चाकावर बसते, वरून पाणी ओतले की आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. खेड्यातून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने हे डोळ्यांनी पाहिलेले असेल. पहिल्याच तासाला वर्गात सांगण्याजोगे काहीतरी त्याच्यापाशी आहे, ही जाणीव त्याला तेथे होते.

वाणिज्य शाखेत प्रश्न असा विचारता येईल: एका वस्तूची किंमत आधी १० टक्क्यांनी वाढली, मग वाढलेल्या किमतीत १० टक्क्यांनी घट झाली. आता ती मूळ किमतीइतकी असेल, जास्त की कमी? शंभर रुपयांची वस्तू ११० रुपयांना जाते आणि तेथून ९९ रुपयांवर येते. टक्केवारी कशाच्या प्रमाणात मोजायची, हा वाणिज्यातील पायाभूत मुद्दा पाच मिनिटांत पुढे येतो.

इतिहासात एकच एक बरोबर उत्तर नसलेला प्रश्न अधिक रंगतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकाची माहिती ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या वृत्तांतातून मिळते. तो त्या वेळी रायगडावर हजर होता. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर महाराजांच्या निधनानंतर, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. सोहळ्याच्या तपशिलासाठी कोणावर अधिक विसंबावे आणि स्वराज्यातील लोकांना या घटनेचा अर्थ काय वाटत होता, हे समजण्यासाठी कोणावर? दोन स्वतंत्र प्रश्न, दोन स्वतंत्र मतदाने. प्रत्यक्ष साक्षीदार असला तरी परका, आणि आपला असला तरी मागाहून लिहिणारा, या पेचातून साधनचिकित्सेचा विषय आपोआप सुरू होतो.

या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. अभ्यासक्रम, गुणांची विभागणी आणि संदर्भग्रंथ यांची माहिती एका पानावर लिहून विद्यार्थ्यांना पाठवता येते. ती वाचून दाखवण्यात तास घालवण्याचे कारण नाही.

कोणते साधन निवडावे?

गुगल फॉर्म मोफत आहे, त्याचा आलेख आपोआप तयार होतो आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. ईमेल पत्ते गोळा करण्याची सोय मात्र त्यात आठवणीने बंद ठेवावी, अन्यथा निनावीपणा राहत नाही. मेंटिमीटरसारख्या साधनांत विद्यार्थ्यांनी लिहिलेले शब्द लगोलग पडद्यावर झळकवता येतात. पहिल्या दिवशी, एकमेकांची ओळख नसताना, त्यात थट्टामस्करीचे शब्द येण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला ठरावीक पर्यायांचे प्रश्न बरे. नॉर्वेत जन्मलेले आणि २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ‘कहूट’ वर्गात उत्साह आणते. परंतु त्याच्या नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात. सावकाश विचार करणारा, किंवा इंग्रजी प्रश्न दोनदा वाचावा लागणारा विद्यार्थी तेथे मागे पडतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्यालाच हरवणारे साधन पहिल्या दिवशी नको.

सर्वांकडे मोबाइल असेलच, किंवा वर्गात इंटरनेट चालेलच, असे गृहीत धरू नये. यावर ‘प्लिकर्स’ हा उत्तम तोडगा आहे. विद्यार्थ्यांच्या हातात छापील कागदी कार्ड असते. ते कोणत्या बाजूने उंचावले यावरून उत्तराचा पर्याय ठरतो. प्राध्यापक फक्त स्वतःचा मोबाइल वर्गावरून फिरवतात आणि कॅमेरा सगळी उत्तरे टिपतो. एका संचात जास्तीत जास्त ६३ कार्डे असतात, त्यामुळे मोठ्या वर्गात दोघांत एक कार्ड द्यावे. वीजच गेली, तर अ, ब, क, ड लिहिलेली चार रंगांची कार्डे छातीशी धरूनही काम भागते. लॅसरी यांचा निष्कर्ष येथे धीर देणारा आहे.

माहिती विचारताना सांभाळून

तासाची शेवटची पाच मिनिटे एका छोट्या निनावी प्रश्नावलीसाठी राखावीत. शिक्षणाचे माध्यम कोणते होते, महाविद्यालयात यायला किती वेळ लागतो, घरी अभ्यासासाठी मोबाइलव्यतिरिक्त काही साधन आहे का, या विषयाची कोणती गोष्ट अवघड वाटते, असे चार-पाच प्रश्न पुरेत. उत्तर देणे ऐच्छिक असावे. जात, उत्पन्न, गेल्या परीक्षेतील टक्केवारी यांपैकी काहीही विचारू नये. वर्गाचा व्हॉट्सॲप गट घाईने करणेही टाळावे. गटात प्रत्येकाचा भ्रमणध्वनी क्रमांक सर्वांना दिसतो आणि त्याचा त्रास विशेषतः मुलींना होऊ शकतो. गुगल क्लासरूमसारख्या व्यवस्थेत सूचना देता येतात आणि क्रमांक उघड होत नाहीत. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो, आणि अकरावीतले जवळपास सर्व, तसेच प्रथम वर्षातले काही विद्यार्थी याच वयोगटातले असतात. गरज नसलेली माहिती गोळाच न करणे, हा सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग होय.

काही आक्षेप

मोबाइल बाहेर काढायला सांगितले, की मुले त्यातच रमतील, ही भीती निराधार नाही. कॅनडातील फारिया साना आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात असे दिसले, की तास चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचेच नव्हे, तर त्यांचा पडदा ज्यांना दिसत होता अशा शेजाऱ्यांचेही आकलन घटले. म्हणून पहिल्याच दिवशी वर्गाच्या संमतीने नियम ठरवावा: प्रश्न आला की मोबाइल हातात, एरवी बाकावर पालथा.

‘चॅटजीपीटी’सारख्या साधनांबाबतही हेच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते खुले झाल्यापासून गृहपाठ कोणी लिहिला, हा प्रश्न प्रत्येक विभागात विचारला जातो. पहिल्या तासाला चार प्रसंग मांडून मतदान घेता येईल: न समजलेली संकल्पना विचारणे, आपल्या निबंधातील व्याकरण तपासून घेणे, संदर्भांची यादी मागणे आणि संपूर्ण निबंध लिहून घेणे. यांपैकी काय योग्य? वर्गाने चर्चा करून घातलेली मर्यादा पाळली जाण्याची शक्यता सूचनाफलकावरच्या तंबीपेक्षा अधिक असते.

‘या खेळात अभ्यासक्रम कसा पुरा होणार?’ हा आक्षेप सर्वांत जुना. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिक्षणावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ व्याख्याने असलेल्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना सक्रिय करणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. अभ्यासक्रम शिकवून पुरा होणे आणि विद्यार्थ्यांना समजून पुरा होणे यांतील अंतर या आकड्यांतून दिसते.

एक अडचण मात्र विद्यार्थ्यांच्या बाजूने येते आणि ती पहिल्या दिवशीच हाताळावी लागते. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्रिय पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले. पण त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असे वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. स्वतः डोके चालवताना अडखळायला होते आणि त्या अडखळण्याचा अर्थ विद्यार्थी ‘मला येत नाही’ असा लावतो. हा अभ्यास आणि त्याचे आकडे पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. अवघड वाटणे हा शिकण्याचाच भाग आहे, हे आधी सांगितले, तर पुढची कुरकूर बरीच कमी होईल.

राहता राहिला दुसरा दिवस. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांनी जे सांगितले, त्याचे काय झाले, हे त्यांना दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला कळले पाहिजे. समजा, प्रश्नावलीत बऱ्याच जणांनी इंग्रजी पारिभाषिक शब्दांची धास्ती वाटते असे लिहिले. मग प्राध्यापकांनी दुसऱ्या दिवशी दहा महत्त्वाच्या संज्ञा मराठी प्रतिशब्दांसह फळ्यावर लिहाव्यात आणि ‘तुमच्यापैकी अनेकांनी हे मागितले होते’ असे सांगून तास सुरू करावा. आपण लिहिलेले सरांनी वाचले, हे मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला कळेल, आणि पुढच्या वेळी ‘काही शंका?’ असे विचारल्यावर कदाचित तो हात वर करील.